पीएचडीच्या पानावर ‘संशोधनाची आवड’ आणि ‘अलीकडची कामगिरी’ कशी लिहावी? (सिलिकॉन अ‍ॅनोडचं उदाहरण घेऊन)

मोरपीस
अभियांत्रिकीत पीएचडी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं एक पान असतं. वर संशोधनाची आवड, खाली अलीकडची कामगिरी. पोस्टडॉकचा अर्ज, फेलोशिप, परिषदेतली ओळख, सगळीकडे हाच मजकूर थोडाफार फिरवून जातो. आणि बहुतेक वेळा तो वाचून या व्यक्तीने नेमकं काय केलं ते कळत नाही. चर्चा हवेत राहू नये म्हणून बॅटरीच्या विषयातला एक मसुदा देते (अ‍ॅनोड म्हणजे बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड, सायकल म्हणजे एक चार्ज आणि एक डिस्चार्ज). व्यक्ती काल्पनिक, आकडे नमुन्याचे. मनसोक्त चिरफाड करा.

संशोधनाची आवड: ऊर्जा साठवण, नॅनोपदार्थ, लिथियम-आयन बॅटरी, शाश्वत तंत्रज्ञान, मशीन लर्निंग.

अलीकडची कामगिरी: (१) अतिउच्च क्षमतेचा सिलिकॉन अ‍ॅनोड विकसित केला, १००० सायकलनंतर ८५ टक्के क्षमता शिल्लक. (२) उच्च इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकांत ४ शोधनिबंध. (३) एक पेटंट. (४) आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्वोत्कृष्ट पोस्टरचा पुरस्कार.

दीपमाळ
आधी ‘आवड’ घेऊ. ही पाच नावं म्हणजे ग्रंथालयातल्या कपाटांवरच्या पाट्या झाल्या. वाचणाऱ्याला हवा असतो प्रश्न. सिलिकॉनच्या बाबतीत तर तो शोधायला लांब जावंच लागत नाही.

ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ३७२ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम (पुढे मिलिअँपिअर-तासाला नुसतं एमएएच लिहिते). सिलिकॉनची सामान्य तापमानाला ३५७९. जवळपास दहापट. पण इतकं लिथियम पोटात घेताना सिलिकॉनचा कण आकारमानाने सुमारे २८० टक्के वाढतो आणि रिकामा होताना पुन्हा आकसतो. कणावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून तयार झालेला संरक्षक थर (एसईआय) प्रत्येक फुगण्याबरोबर तडकतो. आतला ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर नवा थर बसतो, आणि त्यात दर वेळी थोडं लिथियम आणि थोडं इलेक्ट्रोलाइट कायमचं खर्ची पडतं. शिवाय कण बाइंडरपासून (कणांना एकत्र धरणाऱ्या चिकट पदार्थापासून) सुटला की विजेचा मार्गच तुटतो, मग त्यातलं लिथियम असून नसल्यासारखं.

आता विचारा: या विद्यार्थ्याचं काम यातल्या कोणत्या जागी आहे? कण फुटू नये म्हणून? (स्फटिकी सिलिकॉनचा कण साधारण १५० नॅनोमीटरच्या खाली असेल तर पहिल्या चार्जिंगला तडकत नाही, हे २०१२ पासून माहीत आहे, तेव्हा नुसतं ‘नॅनो’ म्हणणं पुरेसं नाही.) की बाइंडरचं जाळं टिकावं म्हणून? की थर लवचीक व्हावा म्हणून? जे असेल ते एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहा. पुढच्या वाक्यात आपण हाताने कोणती उपकरणं चालवतो ते सांगा. मशीन लर्निंगमध्ये खरंच काही केलं नसेल तर ते काढून टाका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मापटं
दीपमाळ यांच्याशी पूर्ण सहमत. आता कामगिरीतलं पहिलंच वाक्य. ‘१००० सायकल, ८५ टक्के’ हा आकडा अटींशिवाय वाचताच येत नाही. हाफ सेल (समोर लिथियम धातू) की फुल सेल (समोर खरा कॅथोड, म्हणजे धन इलेक्ट्रोड)? वेग किती? चौरस सेंटिमीटरवर पदार्थ किती? इलेक्ट्रोलाइट किती? ८५ टक्के कोणत्या सायकलच्या तुलनेत? किती सेलची सरासरी? मोरपीस, नमुना पूर्ण करा, म्हणजे हिशेबच मांडता येईल.

मोरपीस
असं धरू: सीआर२०३२ कॉइन सेल (नाण्याच्या आकाराचा), हाफ सेल. अ‍ॅनोडची चकती १२ मिमी व्यासाची, तांब्याची फॉइल १० मायक्रॉन. सिलिकॉन, कार्बन ब्लॅक आणि बाइंडरचं प्रमाण ८०:१०:१०. कोटिंगचं लोडिंग ०.५ मिग्रॅ प्रति चौ.सेंमी. समोर ४५० मायक्रॉन जाडीची लिथियमची चकती. इलेक्ट्रोलाइट ६० मायक्रोलिटर, त्यात १० टक्के एफईसी (फ्लुरोइथिलीन कार्बोनेट, इलेक्ट्रोलाइटमध्ये मिसळायचं द्रव्य). वेग ३सी. सुरुवातीची क्षमता १५०० एमएएच प्रति ग्रॅम सिलिकॉन. सेल किती, ते लिहिलेलं नाही. बहुतेक पानांवर नसतंच.

मापटं
छान, आता बोलता येईल.

पहिली गोष्ट, वेळ. १सी म्हणजे एका तासात पूर्ण चार्ज आणि एका तासात पूर्ण डिस्चार्ज, म्हणजे सायकल दोन तासांची. हजार सायकलना २००० तास, सुमारे ८३ दिवस. सी/५ ने तेच १०,००० तास, म्हणजे वर्षाहून जास्त. ३सी ने ६६७ तास, २८ दिवस. म्हणजे ‘१०००’ या आकड्यामागे एक महिनाही असू शकतो आणि १४ महिनेही. एसईआयची वाढ, इलेक्ट्रोलाइटचं विघटन या गोष्टी सायकलींइतक्याच दिवसांवरही अवलंबून असतात, त्यामुळे वेगात उरकलेल्या हजार सायकली त्यांना नीट संधीच देत नाहीत.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १५०० म्हणजे ३५७९ च्या ४२ टक्के. फुगवटा आत गेलेल्या लिथियमच्या साधारण प्रमाणात असतो, म्हणजे हे कण २८० नव्हे तर १२० टक्क्यांच्या आसपास फुगले. ज्या अडचणीवर उत्तर शोधल्याचा दावा आहे, ती अडचण या चाचणीत अर्धीही आलेली नाही. यात फसवणूक नाही. वेग वाढवला की ध्रुवीकरणामुळे (प्रवाहामुळे व्होल्टेज मूळ पातळीपासून ढळतं, त्यामुळे) सेल व्होल्टेजच्या मर्यादेला लवकर पोचतो आणि सिलिकॉन अर्धवट भरतं. पण हे लिहायला हवं.

तिसरी, लिथियमचा साठा. लिथियम धातूची क्षमता ३८६१ एमएएच प्रति ग्रॅम, घनता ०.५३४. ४५० मायक्रॉन जाडीत चौरस सेंटिमीटरला ९३ एमएएच होतात. अ‍ॅनोडची गरज? ०.४ मिग्रॅ सिलिकॉन गुणिले १५००, म्हणजे ०.६ एमएएच. समोर दीडशेपट साठा आहे. रोज गळती झाली तरी टाकी आटणार नाही, आणि ग्राफ सपाट दिसेल.

फुल सेलमध्ये लिथियम कॅथोडमध्ये असतं तेवढंच. तिथे कूलॉम्बिक एफिशियन्सीचा (घातलेल्या चार्जपैकी किती परत मिळाला, याचा) हिशेब निर्दय आहे. दर सायकलला ९९.९ टक्के परत मिळत असेल तर हजार सायकलनंतर उरतात ३७ टक्के. ९९.५ असेल तर एक टक्काही नाही. हजारनंतर ८५ टक्के हवे असतील तर सरासरी ९९.९८४ लागते. (हा ढोबळ हिशेब आहे, कारण गेलेल्या लिथियमपैकी काही पुढे परत येतं. पण अंदाजाला पुरतो.) एकाच ग्राफवर एफिशियन्सी ९९.५ आणि क्षमता ८५ टक्के दिसत असेल, तर तो हाफ सेल आहे हे न सांगताही कळतं.

काजवा
मापटं यांनी वेगाचं सांगितलं. तसाच आणखी एक प्रकार सर्रास दिसतो: क्षमतेला कुलूप. सायक्लरला (सेल चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राला) सांगायचं की चार्ज करताना ग्रॅममागे १००० एमएएच झाले की थांब. मग सेल आतून झिजत असला तरी क्षमतेची रेषा शंभर टक्क्यांवर सरळ जाते, आणि एक दिवस कोसळते. अशा चाचणीत क्षमतेपेक्षा चार्जिंगच्या शेवटचं व्होल्टेज पाहावं. ते दर सायकलला थोडं थोडं खाली सरकत असेल तर झीज चालू आहे. पानावर ‘क्षमता मर्यादित ठेवून’ हे तीन शब्द हवेतच.

तराजू
मी वजनाबद्दल लिहितो, कारण ‘प्रति ग्रॅम’ म्हटलं की सगळं त्यावर उभं असतं आणि तिकडे फार कमी लोक बघतात.

१२ मिमी चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौ.सेंमी. १० मायक्रॉन तांब्याचं वजन चौरस सेंटिमीटरला ८.९६ मिग्रॅ, म्हणजे चकतीतलं तांबं १०.१३ मिग्रॅ. त्यावरचं कोटिंग ०.५७ मिग्रॅ. आपण १०.७० तोलतो, त्यातून १०.१३ वजा करतो, आणि उरलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमवर सगळी पीएचडी.

आता त्या फॉइलची जाडी एका जागी दोनच टक्के जास्त आहे असं धरा. ०.२० मिग्रॅचा फरक. कोटिंगच्या वजनात ३५ टक्के चूक! १५०० म्हणून छापलेला आकडा खरा ११०० असू शकतो किंवा २३००. एखाद्या निबंधात सिलिकॉनची क्षमता सैद्धांतिक कमालीच्या वर गेलेली दिसली तर आधी वजनाचा संशय घ्यावा, नव्या रसायनशास्त्राचा नंतर.

करायचं काय:

कोटिंगच्या पट्टीला दोन्ही कडांनी कोरी फॉइल सोडा आणि कोऱ्या चकत्या तिथूनच कापा, रोलच्या दुसऱ्या टोकाकडून नको. निदान १० कोऱ्या चकत्या तोला, सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही नोंदवा. ते विचलन कोटिंगच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघालं तर लोडिंग वाढवण्याला पर्याय नाही. लोडिंग २.५ मिग्रॅ केलं की तेच ०.२० मिग्रॅ ७ टक्क्यांवर येतं. वजनकाटा ०.०१ मिग्रॅपर्यंत वाचणारा हवा. ०.१ चा काटा या कामाला निरुपयोगी आहे.

कोऱ्या चकत्याही कोटिंगवाल्यांबरोबरच व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवा, म्हणजे दोघींवर सारखाच परिणाम होईल. सीएमसी आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल हे बाइंडर हवेतली ओल पटकन ओढतात, काट्यावर आकडा चढत जाताना दिसतो. म्हणून ओव्हनमधून काढल्यावर एकेक करून लगेच तोला, किंवा काटा ग्लव्ह बॉक्समध्येच (कोरड्या, निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत) ठेवा. पंचची धार गेली की कडेला तांब्याचं बारीक शिंग निघतं. ते वजनही बिघडवतं आणि सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला सच्छिद्र पडदा) फाडून शॉर्टही करतं.

शेवटची खात्री: सीएमसीचं कोटिंग असेल तर तोललेल्या एक-दोन चकत्या बळी द्या. कोटिंग पाण्याने हलक्या हाताने पुसून काढा, तांबं वाळवा, पुन्हा तोला. वजाबाकीचा अंदाज आणि हे खरं वजन जुळतं का ते लगेच कळतं.

दीपमाळ
तराजू, हा प्रतिसाद प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

पाणकोंबडी
इलेक्ट्रोलाइट राहिलं. ६० मायक्रोलिटर म्हणजे सुमारे ७२ मिग्रॅ. सेलची क्षमता ०.६८ एमएएच. अँपिअर-तासाला १०० ग्रॅमच्या वर इलेक्ट्रोलाइट! बाजारातल्या सेलमध्ये हे प्रमाण साधारण ३ ग्रॅमच्या आत असतं. एफईसी हे सिलिकॉनवर चांगला थर बनवतं, पण बनवता बनवता स्वतः संपतं. ते असेपर्यंत सेल ठीक चालतो, संपलं की ध्रुवीकरण वाढतं आणि क्षमता अचानक खाली येते. तीसपट जास्त इलेक्ट्रोलाइट ओतलं की तो दिवस तीसपट लांब जातो, बस. म्हणून ‘मायक्रोलिटर’ न लिहिता ‘ग्रॅम प्रति अँपिअर-तास’ लिहावं.

कॉइन सेलमध्ये ते फार कमीही करता येत नाही, हेही खरं. वेव्ह स्प्रिंग, स्पेसर, कडेची मोकळी जागा सगळं इलेक्ट्रोलाइट पिऊन घेतं. त्यामुळे मायक्रोपिपेटने मोजून घालणं आणि प्रत्येक सेलमध्ये तेवढंच घालणं महत्त्वाचं. निम्मं इलेक्ट्रोडवर, मग सेपरेटर, मग निम्मं त्यावर. सेपरेटरखाली बुडबुडा राहिला तर तेवढा भाग मृत, आणि क्षमता विनाकारण कमी दिसते. जास्त झालं तर क्रिम्प करताना (कडा दाबून सेल बंद करताना) गॅस्केटमधून बाहेर येतं आणि सील नीट बसत नाही. सेल बंद केल्यावर १२ तास तरी तसाच ठेवा, छिद्रांत मुरायला वेळ लागतो. क्रिम्परकडे नेताना धातूचा चिमटा दोन्ही बाजूंना लावू नका. क्षणभराचा शॉर्ट पहिल्या सायकलचा आकडा बिघडवतो, आणि दोष पदार्थाला जातो.

आणि ओल. लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट पाण्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल करतं. ग्लव्ह बॉक्समध्ये पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली हवं, पण त्याने भागत नाही. सेपरेटर, केस, गॅस्केट व्हॅक्यूममध्ये वाळवून आत न्यावे लागतात.

उंबरठा
चर्चा वाचनीय आहे, पण हाफ सेलला एवढं धारेवर धरणं मला पटत नाही. नवा पदार्थ पहिल्यांदा तपासायला हाफ सेलच योग्य. तिथे लिथियम मुबलक असल्यामुळेच पदार्थाची स्वतःची क्षमता दिसते, कॅथोडची भानगड मध्ये येत नाही. आणि हाफ सेल नेहमी चापलुसीच करतो असंही नाही. लोडिंग आणि प्रवाह वाढला की समोरचा लिथियम धातूच आधी खराब होतो, शेवाळासारखा सच्छिद्र होतो, आणि अ‍ॅनोड ठणठणीत असून सेल मरतो. दुसरं म्हणजे, पानावर एवढं सगळं लिहिलं तर वाचणार कोण?

मापटं
उंबरठा, पहिला मुद्दा मान्य. हाफ सेल चुकीचा नाही, हाफ सेलवरून ‘बॅटरी हजार सायकल चालली’ म्हणणं चुकीचं. टिकाऊपणाचा दावा करायचा तर फुल सेल लागतोच. तिथे अ‍ॅनोडची क्षमता कॅथोडच्या १.१ ते १.२ पट ठेवा, अ‍ॅनोडची चकती कॅथोडपेक्षा १ मिमी मोठी (कॅथोड १४, अ‍ॅनोड १५). कॅथोडची कड बाहेर राहिली तर तिथे लिथियम धातू साचतो.

दुसऱ्या मुद्द्यावर: पानावर दोन ओळी पुरतात. सेलचा प्रकार, लोडिंग, वेग, सेलची संख्या, तुलनेची सायकल. बाकी सगळा कच्चा डेटा झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात टाका. सर्न चालवते, डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. पानावर फक्त तो डीओआय. ज्याला खोलात जायचं तो जाईल.

सेलची संख्या मात्र कधीही गाळू नका. तीनपेक्षा कमी असतील तर सरासरीला अर्थ नाही. आणि ‘सहा बांधले, पाच चालले, एक सील गळल्याने बाद’ असं लिहिणाऱ्यावर माझा विश्वास चटकन बसतो.

पानगळ
मुद्दा क्र. २ ते ४ बद्दल थोडक्यात.

‘४ शोधनिबंध’ म्हणजे पहिला लेखक म्हणून किती? प्रसिद्ध, स्वीकृत, परीक्षणाधीन, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुला केलेला मसुदा) या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, प्रत्येकासमोर त्याची पायरी लिहा. परीक्षणाधीन असेल तर नियतकालिकाचं नाव घालू नये. नाकारलं गेलं तर ते नाव पानावर तसंच राहतं. सहलेखक असाल तर आपण काय केलं ते क्रेडिट (CRediT, लेखकांचं योगदान सांगायची ठरावीक यादी) पद्धतीच्या १४ भूमिकांमधून सांगता येतं: प्रयोग, विश्लेषण, सॉफ्टवेअर, मूळ मसुदा वगैरे. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाच्या सरासरीचा आकडा. त्यावरून एखाद्या निबंधाची वा माणसाची लायकी ठरवू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे आणि अनेक संस्था तो पाळतात. त्याऐवजी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळखक्रमांक द्या, १६ अंकी. नावसाधर्म्याचा घोळ त्याने कायमचा मिटतो.

‘एक पेटंट’ हा शब्दप्रयोग फार सैल आहे. तात्पुरता अर्ज, पूर्ण अर्ज, प्रसिद्ध झालेला अर्ज, मंजूर पेटंट यातलं कोणतं? पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत इतर देशांत अर्ज केला तरच जुनी तारीख टिकते. आणि यात चौथा मुद्दा येऊन अडकतो: पोस्टर म्हणजे जाहीर प्रकटीकरण. अर्जाआधी पोस्टर लावलं असेल तर युरोपात नावीन्य तिथेच संपतं. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नये. दोन्ही गोष्टी पानावर शेजारी असतील तर तारखा तपासा, जाणकार वाचणारा तेच करेल.

पुरस्कारासमोर परिषदेचं पूर्ण नाव, वर्ष, गट आणि कितींमधून ते लिहा. नोंदणी शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदेचा पुरस्कार लिहू नये, तो बाकीच्या ओळींचं वजनही कमी करतो.

मोरपीस
सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्याच माहितीवरून, तुलनेची सायकल आणि फुल सेलची चाचणी नमुन्यापुरती धरून, पुन्हा लिहिलं आहे. काही जागा मुद्दाम रिकाम्या आहेत, ज्याने त्याने भराव्यात.

संशोधनाचा प्रश्न: सिलिकॉन अ‍ॅनोड फुगताना बाइंडरचं जाळं कोणत्या टप्प्यावर तुटतं, आणि त्या तुटण्याने दर सायकलला किती लिथियम कायमचं अडकतं? चालू सेलची जाडी मोजणं, इम्पीडन्स मापन आणि उघडलेल्या सेलचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा छेद, या तीन पद्धती मी वापरतो.

कामगिरी: लिथियमसमोरच्या हाफ सेलमध्ये, ०.५ मिग्रॅ प्रति चौ.सेंमी. लोडिंगला, ३सी वेगाने, दहाव्या सायकलच्या तुलनेत १००० सायकलनंतर ८५ टक्के क्षमता (__ सेलची सरासरी, विचलन __). क्षमता सिलिकॉनच्या कमाल क्षमतेच्या ४२ टक्के, म्हणजे फुगवटा अंशतःच. चकतीच्या वजनातली अनिश्चितता __ टक्के. २.५ मिग्रॅ लोडिंगच्या फुल सेलची चाचणी सी/३ वेगाने चालू. डेटा: डीओआय __. पहिला लेखक म्हणून प्रसिद्ध निबंध __, परीक्षणाधीन __. पेटंट: तात्पुरता अर्ज, दिनांक __ (पोस्टर त्यानंतर, दिनांक __).

दीपमाळ
आता हा विद्यार्थी डोळ्यासमोर उभा राहतो. याला बोलावून प्रश्न विचारावेसे वाटतात.

काजवा
उत्तम झालंय. फक्त एक. ‘३सी’ मध्ये १सी कशाला धरलंय? ग्रॅममागे ३००० एमएएच धरून १सी ठरवला असेल तर ३सी म्हणजे ९ अँपिअर प्रति ग्रॅम. पण सेल देतोय १५००, म्हणजे एक चार्ज २० नव्हे, १० मिनिटांत संपतो. हजार सायकली ३३३ तासांत, १४ दिवसांत आटोपतात, वर मापटं यांनी काढलेल्या २८ च्या निम्म्यात. १५०० धरून ठरवला असेल तर २८ बरोबर. ‘३सी’ खोडून तिथे प्रवाह अँपिअर प्रति ग्रॅममध्ये लिहा, आणि कंसात चाचणीचे एकूण दिवस.

मोरपीस
बदलते.